तीच शर्यत पुन्हा पाहताना



घोड्यांच्या शर्यतीविषयी आज बोलायचे आहे, हे ऐकून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. शर्यत म्हटली की पैज आली, पैज म्हटली की कर्ज आले, आणि कर्ज आले की पुढचे सांगायलाच नको! तेव्हा आधीच सांगून टाकतो, की कोणत्या घोड्यावर पैसे लावावेत हे मला ठाऊक नाही आणि ते सांगण्यासाठी मी इथे बसलेलोही नाही. मला बोलायचे आहे ते शर्यत पाहण्याविषयी. त्यातही एकदा होऊन गेलेली शर्यत घरी उतरवून घेऊन दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, दहाव्यांदा पाहण्याविषयी.

आता तुम्ही म्हणाल, निकाल लागलेली शर्यत पुन्हा कशाला पाहायची? कोण जिंकले हे कळले, टाळ्या वाजल्या, लोक पांगले. मग त्यात उरले काय? माझे म्हणणे असे, की शर्यत पाहण्याजोगी खरी तेव्हाच होते. पहिल्या वेळी आपण शर्यत पाहतच नाही. आपण निकालाची वाट पाहत असतो. दोन-अडीच मिनिटे जीव मुठीत धरून आपला डोळा एकाच घोड्यावर खिळलेला असतो आणि बाकीचे दहा-पंधरा घोडे धुळीसारखे बाजूने निघून जातात. शर्यत संपल्यावर पाच माणसांना विचारा, पाच हकिकती ऐकायला मिळतील, आणि प्रत्येक जण ‘मी डोळ्यांनी पाहिलं’ असेच सांगेल.

डोळ्यांनी पाहिलं, या शब्दांवर किती भरवसा ठेवावा? आपल्याकडे घोडा चौखूर उधळला असे म्हणतात. चारी खूर एकदम उचलून घोडा पळतो, हे त्या शब्दात बसलेले आहे. पण चारी खूर जमिनीपासून सुटतात ते नेमके केव्हा? हजारो वर्षे माणसाने घोडा पाळला, त्यावर बसला, त्याची चित्रे काढली. पण हे त्याला दिसले नव्हते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात जेरिको या फ्रेंच चित्रकाराचे १८२१ सालचे, इंग्लंडमधल्या डर्बी शर्यतीचे चित्र आहे. त्यातले घोडे पुढचे पाय पुढे ताणून आणि मागचे पाय मागे ताणून हवेत तरंगताहेत. चित्र फार सुंदर आहे, पण खरा घोडा तसा कधी पळत नाही.

हे सिद्ध झाले १८७८ च्या जून महिन्यात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याचे माजी राज्यपाल आणि रेल्वेचे धनाढ्य मालक लिलँड स्टॅनफर्ड यांना घोड्यांचा मोठा नाद. पालो आल्टो येथे त्यांची घोड्यांची वाडी होती. आज तिथे त्यांच्या मुलाच्या नावाने उभे राहिलेले प्रसिद्ध विद्यापीठ आहे. या वाडीत एडवर्ड मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेला ओळीने बारा कॅमेरे मांडले आणि पट्टीवर आडवे दोरे ताणले. घोडा एकेक दोरा तोडत गेला, तसतसा एकेक कॅमेरा उघडून मिटला. सॅली गार्डनर नावाच्या घोडीची ती चित्रे पाहताच उलगडा झाला. चारी पाय जमिनीपासून सुटतात हे खरे, पण ते ताणलेले असताना नव्हे. पोटाखाली आखडून घेतलेले असतात तेव्हा. म्हणजे आपल्या भाषेतला ‘चौखूर’ बरोबर ठरला आणि चित्रकारांचा घोडा चुकला!

मायब्रिजच्या चित्रांनी घोड्याची धाव तुकड्यातुकड्यांनी दाखवली. तिला सलग पडद्यावर आणायला आणखी अठरा वर्षे जावी लागली. १८९६ साली इंग्लंडच्या डर्बीत युवराजांच्या मालकीचा पर्सिमन हा घोडा जिंकला. रॉबर्ट पॉल नावाच्या कारागिराने ती शर्यत चित्रफितीवर घेतली आणि दुसऱ्याच दिवशी लंडनच्या अल्हम्ब्रा नाट्यगृहात लोकांना दाखवली. मैदानावर गेलेला आणि न गेलेला, दोघांनीही एकाच खुर्चीत बसून होऊन गेलेली शर्यत पाहिली. कालचा घोडा आज पुन्हा धावला. केवढी विलक्षण गोष्ट!

परंतु ही सोय नाट्यगृहातली. तिकीट काढा, ते दाखवतील तेवढे पाहा आणि घरी जा. ‘थांबा, जरा मागे घ्या, तो तिसरा घोडा पुन्हा दाखवा’ असे तिथे कोण ऐकणार? ती सत्ता माणसाच्या हाती आली घरातल्या टेपमुळे. दूरचित्रवाणीचे कार्यक्रम टेपवर उतरवणारे यंत्र अमेरिकेत १९५६ साली तयार झाले. पण ते कपाटाएवढे, किमतीने अवाढव्य, आणि केवळ केंद्रांपुरते. १९७५ साली जपानच्या सोनी कंपनीने बीटामॅक्स हे घरगुती यंत्र बाजारात आणले. त्याच्या पहिल्या कॅसेटमध्ये एक तास मावत असे. पुढच्याच वर्षी व्हीएचएस आले, त्यात दोन तास. शर्यत असते दोन-अडीच मिनिटांची. एका कॅसेटमध्ये अख्खा हंगाम बसला म्हणा ना!

या यंत्राविरुद्ध अमेरिकेत मोठा खटला झाला. चित्रपट काढणाऱ्या बड्या कंपन्या म्हणाल्या, आमची कामे लोक घरी उतरवून घेतात, ही चोरी आहे. खटला १९७६ साली दाखल झाला आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या जानेवारीत निकाल दिला. पाच न्यायमूर्ती एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला. एका मताने ठरले, की कार्यक्रम लागतो त्या वेळी घरी नसलेल्या माणसाने तो उतरवून ठेवून सवडीने पाहिला, तर तो गुन्हा नव्हे. मैदानी खेळांच्या मोठ्या संघटनांनी आपली हरकत नसल्याचे सांगितले होते, त्याचाही उल्लेख त्या निकालात आहे. शनिवारी दुपारी कारखान्यात पाळी असलेल्या कामगाराला रात्री जेवून झाल्यावर घोडे पळताना पाहता यावेत, याला कायद्याने होकार दिला तो असा.

आपल्याकडे १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आले आणि त्या दशकात व्हिडिओची यंत्रे गावोगाव पोचली. भाड्याने आणलेल्या यंत्रावर रात्रभर चित्रपट पाहिल्याचे अनेकांना आठवत असेल. ज्यांनी ही यंत्रे हाताळली त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. चित्र थांबवले, की ते थरथरू लागे आणि त्यावर पांढरे पट्टे येत. कारण सरळ होते. आतली फिरती दट्टी टेपच्या त्याच एका पट्टीवर घासत राही. फार वेळ थांबवून ठेवले तर टेप झिजे, म्हणून काही मिनिटांनी यंत्र आपण होऊनच थांबा सोडून देई. आवडत्या शर्यतीची आवडती वीस सेकंदे म्हणूनच सगळ्यांत आधी खराब होत! आजच्या मोबाईलला तसली झीज नाही. बोट ठेवले की घोडा हवेतल्या हवेत उभा राहतो आणि हवा तेवढा वेळ राहतो.

आता पाहायचे कसे, त्याकडे वळू. एक नामांकित शर्यत घेऊ. अमेरिकेतली १९७३ सालची बेलमाँट शर्यत, ९ जूनची. अंतर दीड मैल, घोडे पाच. सेक्रेटेरिएट नावाचा तांबूस घोडा एकतीस लांब्यांनी जिंकला. घोड्याची एक लांबी सुमारे आठ फूट धरतात, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा घोडा जवळजवळ पाऊणशे मीटर मागे होता. वेळ दोन मिनिटे चोवीस सेकंद. मातीच्या धावपट्टीवर दीड मैलाचा तो विक्रम आजही मोडलेला नाही. ही शर्यत आता कोणालाही मोबाईलवर पाहता येते. पहिल्या वेळी तुम्ही सेक्रेटेरिएटच पाहाल. दुसरे काही पाहणे शक्यच नाही. शेवटच्या सरळ पट्टीत तो इतका एकटा पडतो, की बाकीचे घोडे चित्रात यावेत म्हणून कॅमेऱ्याला दृश्य लांबवर न्यावे लागते. स्वार रॉन टरकॉट मान वळवून मैदानातल्या घड्याळाकडे पाहतो, तेही दिसते.

मग ती पुन्हा लावा, आणि या खेपेस दुसराच घोडा पाहा. त्याचे नाव शाम. आधीच्या दोन मोठ्या शर्यतींत तो सेक्रेटेरिएटच्या मागोमाग दुसरा आलेला. बेलमाँटमध्ये सुरुवातीपासून तो सेक्रेटेरिएटच्या खांद्याला खांदा लावून पळतो आहे. त्या दोघांनी पहिला पाऊण मैल सत्तर सेकंदांच्या आत कापला. दीड मैलाच्या शर्यतीला हा वेग म्हणजे वेडेपणाच. उरलेले तिघे कुठल्या कुठे मागे राहिले. मग हळूहळू एक लांबी, दोन लांब्या, पाच लांब्या असा शाम मागे पडतो. मागचे घोडे एकेक करून त्याला गाठतात, ओलांडतात, आणि पाचांत तो पाचवा येतो. निकालाच्या कागदावर ‘शाम – शेवटचा’ एवढेच लिहिलेले असणार. पण चित्रफीत सांगते, की त्या दिवशी सेक्रेटेरिएटशी बरोबरी करण्याचे धाडस केलेला घोडा हा एकच, आणि त्या धाडसाची किंमतही त्याच एकाने मोजली. जे तिघे मागे रमतगमत राहिले ते त्याच्या पुढे आले. शाम पुन्हा कधी शर्यतीत धावला नाही; पुढे सरावात त्याच्या पायाचे हाड मोडले आणि त्याला निवृत्त केले. मला स्वतःला विचाराल, तर ही शर्यत मी शामसाठीच पुन्हा लावतो. तुम्ही शिक्षक असाल, तर वर्गातला असा एखादा शाम तुम्हाला आठवेलही.

तिसऱ्या वेळी आवाज बंद करून पाहा. आकाशवाणीवरून बोलताना आवाज बंद करा असे सांगणे जरा विचित्र वाटेल खरे! आम्हा रेडिओच्या लोकांचा सगळा संसारच आवाजावर. रेडिओवरच्या धावत्या समालोचनात समालोचक हाच आपला डोळा असतो, तिथे दुसरा उपाय नाही. पण चित्र समोर असतानाही आपण तो म्हणेल तिकडेच पाहत राहतो. तो आघाडीच्या घोड्याचे नाव घेतो, आपली नजर आघाडीवर जाते. मागे कोणाची वाट अडली, कोणी मोकळी जागा धरली, हे त्याला सांगायला सवड नसते. आवाज बंद झाला, की नजर मोकळी होते.

याचा मासला म्हणून १९६७ सालची इंग्लंडमधली ग्रँड नॅशनल शर्यत पाहावी. ही अडथळ्यांची शर्यत. साडेचार मैलांच्या आसपास अंतर आणि तीस उड्या. तेविसाव्या कुंपणापाशी स्वार गमावलेला एक मोकळा घोडा आडवा गेला, पुढचे घोडे त्याच्यावर आदळले, मागचे त्यांच्यावर, आणि क्षणात सगळा गोंधळ. कोणी उलटे फिरले, कोणी स्वाराला कुंपणापलीकडे फेकून आपण अलीकडेच उभे राहिले. त्यातून फॉइनाव्हन नावाचा एक घोडा पलीकडे गेला आणि जिंकला. त्याच्यावर एकाला शंभर असा भाव होता. म्हणजे हा जिंकेल असे जवळजवळ कोणालाच वाटत नव्हते. पहिल्यांदा पाहताना आपण म्हणतो, नशीब! पुन्हा पाहताना दिसते, की तो पुष्कळ मागे होता, म्हणून त्याच्या स्वाराला, जॉन बकिंगहॅमला, समोरचा गोंधळ पाहून बाजूची मोकळी जागा शोधायला दोन क्षण मिळाले. नशीब होतेच, पण त्या नशिबाचा उपयोग करणारा हातही तिथे होता, आणि तो फक्त दुसऱ्या वेळी दिसतो. त्या कुंपणाला पुढे त्या घोड्याचेच नाव पडले.

चित्रफितीचा असा उपयोग नुसत्या करमणुकीपुरता नाही. याच सेक्रेटेरिएटची बेलमाँटच्या आधीची प्रीकनेस नावाची शर्यत १९ मे १९७३ ला झाली. जिंकला तोच, पण मैदानावरच्या यंत्राने वेळ दाखवली एक मिनिट पंचावन्न सेकंद. हातात घड्याळ धरून बसलेल्या जाणत्या पत्रकारांची वेळ त्याहून दीड सेकंदाहूनही कमी होती. यंत्र बिघडले होते हे उघड झाले. अधिकाऱ्यांनी मधलीच एक वेळ ग्राह्य धरली आणि तो विक्रम ठरला नाही. घोडा १९८९ साली वारला. पण चित्रफीत राहिली होती. शेवटी २०१२ साली घोड्याच्या मालकीणबाईंनी, त्या वेळी त्या नव्वद वर्षांच्या होत्या, पुन्हा दाद मागितली. जुन्या चित्रफिती नव्या साधनांनी चित्रामागून चित्र मोजल्या गेल्या आणि मेरिलँड राज्याच्या शर्यत आयोगाने निकाल दिला, की खरी वेळ एक मिनिट त्रेपन्न सेकंद, विक्रम सेक्रेटेरिएटचाच. एकोणचाळीस वर्षांनी! कोर्टकचेरीचा अनुभव असलेल्या श्रोत्यांना हा काळ फारसा लांब वाटणार नाही, ही गोष्ट निराळी.

तेव्हा चित्रफीत म्हणजे ब्रह्मवाक्य असे समजायचे का? तसेही नाही, आणि इथे थोडे गणित करावे लागेल. विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षक मित्रांनी हे फळ्यावर मांडून दाखवावे. दीड मैल म्हणजे सुमारे २४१४ मीटर. वेळ १४४ सेकंद. भागाकार केला, की सेकंदाला पावणेसतरा मीटरच्या जवळपास वेग येतो, तासाला साठ किलोमीटर. आपल्याकडच्या दूरदर्शनच्या पद्धतीत सेकंदाला पंचवीस चित्रे असतात. म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत घोडा सुमारे ६७ सेंटिमीटर, दोन फुटांहून थोडा अधिक, पुढे सरकलेला असतो. आणि शर्यत कधीकधी नाकाने जिंकली जाते, चार बोटांनी! हा चार बोटांचा फरक दोन चित्रांच्या मधल्या फटीत हरवून जातो. घरी बसून कितीही वेळा मागे-पुढे केले, तरी जे टेपवर आलेच नाही ते दिसणार कसे?

दुसरी अडचण कोनाची. शेवटच्या खांबाच्या थोडे अलीकडे उभ्या असलेल्या कॅमेऱ्याला जे दिसते ते रेषेवरचे दृश्य नसते. एक डोळा मिटून आगगाडीतून पाहिले, की जवळचे झाड लांबच्या झाडाच्या पुढे पळाल्यासारखे वाटते, तसाच हा प्रकार. कॅमेऱ्याजवळचा घोडा मागे असून पुढे वाटतो, लांबचा पुढे असून मागे वाटतो. घरी चित्रफीत पाहून ‘पंचांनी लबाडी केली’ असे छातीठोक सांगणाऱ्या पुष्कळांचा वाद खरे तर कॅमेऱ्याच्या जागेशी असतो.

म्हणून शेवटच्या रेषेवर एक वेगळाच कॅमेरा लावतात. अमेरिकेत १९३७ च्या सुमारास त्याचा उपयोग सुरू झाला, आणि इंग्लंडच्या डर्बीचा निकाल त्याने पहिल्यांदा १९४९ साली लावला. निंबस नावाचा घोडा जिंकला. या कॅमेऱ्याला दार नाही, फट आहे. केसाएवढी उभी फट, अगदी रेषेच्या समोर. तिच्यामागून फिल्म सरकत असते. रेषेवरून नाक गेले की नाकाची रेघ उमटते, मग मानेची, मग पोटाची, मग शेपटीची. अशा रेघा शेजारीशेजारी बसून घोडा तयार होतो. ते चित्र आपल्याला एका क्षणाचे वाटते, पण तसे ते नसते. त्यात डावी-उजवीकडे मोजायचे ते अंतर नव्हे, काळ! ज्याची पहिली रेघ आधी, तो आधी पोचला. म्हणून या चित्रांत घोड्यांचे पाय कधी वेडेवाकडे ताणलेले दिसतात. आता फिल्म जाऊन विजेवर चालणारे कॅमेरे आले, ते सेकंदाला हजाराहून अधिक रेघा काढतात. तत्त्व मात्र तेच.

आता ज्या शर्यतीचे नाव घेतल्यावाचून हा विषय पुरा होत नाही, ती सांगतो. १९१३ ची इंग्लंडची डर्बी, ४ जूनची. स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून तेथे तेव्हा मोठी चळवळ चालू होती. शर्यत भर रंगात असताना एमिली डेव्हिसन नावाची त्या चळवळीतली बाई कठड्याखालून धावपट्टीवर शिरली. काही घोडे निघून गेले, आणि खुद्द राजाच्या, पंचम जॉर्ज यांच्या, अ‍ॅन्मर नावाच्या घोड्याची तिला धडक बसली. घोडा कोसळला, स्वार हर्बर्ट जोन्स जखमी झाला, बाई बेशुद्ध पडली आणि चार दिवसांनी वारली. हे सारे चित्रफितीवर आलेले आहे आणि आज घरी बसून पाहता येते. प्रश्न असा, की ती मरायला गेली होती, की राजाच्या घोड्याला चळवळीची पट्टी अडकवायला? २०१३ साली तीन वेगवेगळ्या कॅमेऱ्यांच्या फिती स्वच्छ करून जुळवून पाहिल्या. त्यावरून काहींनी म्हटले, की तिने लगामाकडे हात केला, पट्टी अडकवण्यासाठीच. तिच्याजवळ परतीचे तिकीट सापडले होते, हेही लोक दाखवतात. तरी इतिहासकारांचे एकमत नाही. चित्रफीत हात दाखवते. हातामागचे मन ती कोठून दाखवणार?

आणि त्याच शर्यतीचा शेवट पाहा. क्रॅगनूर नावाचा घोडा डोक्याएवढ्या फरकाने पहिला आला. पण शेजारच्या घोड्याला धक्का दिला म्हणून पंचांनी त्याला बाद केले आणि अबॉयर या दुसऱ्या घोड्याला विजयी ठरवले. त्याच्यावरही एकाला शंभर असाच भाव होता. धक्का कोणी कोणाला दिला, हे ठरवले गेले ते पंचांच्या डोळ्यांवर आणि स्वारांच्या जबान्यांवर. मैदानावर चित्रफितीचे कॅमेरे चालू होते, पण निकालाच्या आधी फीत धुऊन पाहण्याची सोयच नव्हती. आज मोठ्या मैदानांवर पंच आधी चित्रफीत मागे घेऊन पाहतात आणि मगच तोंड उघडतात. क्रॅगनूरला तेवढी सवड मिळाली असती, तर काय झाले असते, यावर तिकडचे शर्यतशौकीन अजून भांडतात.

जाता जाता पैजेचा मुद्दा उरकतो. जुन्या शर्यती घरी पाहून पुढच्या शर्यतीचा घोडा हेरता येतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. अमक्याची वाट अडली होती, म्हणजे पुढच्या वेळी तो नक्की येणार! ऐकायला हे शास्त्रासारखे वाटते. पण ती चित्रफीत तुमच्याप्रमाणेच भाव लावणाऱ्यानेही पाहिलेली असते, आणि तुमच्यासारख्या हजारो जणांनीही. जे तुम्हाला दिसले ते भावात आधीच मिळवलेले असते. वर प्रत्येक पैजेतून मैदानाचा आणि सरकारचा वाटा कापला जातो तो निराळाच. चित्रफीत कालची शर्यत सांगते. उद्याच्या शर्यतीत घोडाही वेगळा असतो आणि मातीही. बैलाच्या पैशाने घोडा शोधू नये, एवढे मी शेतकरी बंधूंना सांगेन.

आपल्याकडे घोडे पळतात ते थंडीत मुंबईला महालक्ष्मीच्या मैदानावर आणि पावसाळ्यात पुण्याला. खेड्यातल्या माणसाचा त्यांच्याशी संबंध थोडाच. त्याच्या ओळखीची शर्यत बैलांची. पुण्याकडच्या घाटात बैलांच्या पुढे घोडी पळते, तेवढा एक घोडा त्याच्या परिचयाचा! २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात अटींवर परवानगी दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात राज्याचा कायदा मान्य केला. बैलाचे हाल होऊ नयेत ही त्यातली मुख्य अट, आणि ती पाळली जाते की नाही याची साक्षही आता मोबाईलच देऊ शकतो. शर्यतीच्या दिवशी शंभर हात मोबाईल उंचावून उभे असतात. मात्र बहुतेक सगळे धावत्या गाड्याच्या मागे आपला हात फिरवतात, त्यामुळे शेवटच्या रेषेवर वाद झाला की एकाही फितीचा उपयोग होत नाही. एखादा मोबाईल खांबाला घट्ट बांधावा, अगदी रेषेच्या सरळ समोर, समोरच्या बाजूला एक काठी उभी करून दोन्ही एका ओळीत येतील असा. त्यावर चित्रे अधिक घेण्याची, म्हणजे चाल संथ दाखवण्याची सोय असते, ती चालू करावी. शर्यत होईपर्यंत त्याला कोणी हात लावू नये.

शाळेतल्या शंभर मीटरच्या धावण्यासाठीही हीच व्यवस्था चालेल. शिक्षकांनी मात्र त्याआधी एक काम करावे. मुले धावून झाली, की पाहणाऱ्या मुलांना कागद द्यावेत. पहिला कोण, दुसरा कोण, मध्येच कोण अडखळला, कोणाचा धक्का कोणाला लागला, हे ज्याने त्याने शेजाऱ्याला न विचारता लिहावे. नाव घालून कागद गोळा करावेत, पेटीत ठेवावेत, आणि मगच मुलांना समोर बसवून ती धाव पुन्हा लावावी. पहिल्यांदा आवाजासह, नंतर आवाज बंद करून.